एक जूनची मुलगी

क्रिकेट संघटनेत वयाचे कागद तपासणाऱ्या साहेबांनी माझ्या मुलीला फसवलं. त्यांच्या आधी मी तिला फसवलं होतं. फरक एवढाच, की मी माझं फसवणं पाच वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलासमोर उभं राहून कबूल केलं. त्यांनी ते ऐकलं, हसले, आणि आज म्हणतात की असं काही त्यांच्या कानावर आलंच नव्हतं.

माझं शनिवार पेठेत खेळाच्या सामानाचं दुकान आहे. ते मला वडिलांकडून मिळालेलं नाही. मी मैदानाच्या फाटकाबाहेर पोतं टाकून बसायचो. जुन्या बॅटींना ग्रिप चढवायची, फाटलेल्या पॅडांचे पट्टे शिवायचे, नव्या बॅटीला तेल लावून लाकडी हातोडीनं ठोकून द्यायची. पोत्यावरून टपरी झाली आणि टपरीवरून दुकान. भाव करायला मला कोणी शिकवलं नाही. खिसा रिकामा असला की माणूस तोंड चालवायला आपोआप शिकतो, आणि पुढे खिसा भरला तरी तोंड थांबत नाही. बायको म्हणते, या माणसाला ताप आला तर हा थर्मामीटरशीसुद्धा घासाघीस करील.

मुलीच्या जन्मतारखेचीही मी घासाघीस केली. सगळं तिथून सुरू झालं.

ती जन्मली बायकोच्या माहेरी, खडकवासल्याच्या धरणामागच्या गावात, दिवाळीच्या पाडव्याला. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. कळा अचानक सुरू झाल्या, गाडी मिळेना, आणि गावातल्या सुईणीनं घरातच मोकळी केली. मी त्या दिवशी पुण्यात टपरीवर होतो. जन्माची नोंद करायची राहून गेली. सासऱ्यांना वाटलं जावई करील, मला वाटलं सासरे करतील. नंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

मुलगी साडेपाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही वारज्याला राहायला आलो. घराजवळच्या शाळेत पहिलीच्या थोड्याच जागा उरल्या होत्या. मुख्याध्यापकांनी सांगितलं, आमच्याकडे पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, हिला पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी म्हणजे एक वर्ष फुकट गेलं, आणि फुकट गेलेलं काहीही मला सहन होत नाही. मी खुर्चीतून उठलोच नाही. मुलगी हुशार आहे, पाढे म्हणते, घड्याळ वाचते, असं पाऊण तास सांगत राहिलो. शेवटी ते कंटाळले. जन्माचा दाखला आहे का, म्हणाले. नाही, म्हटलं. मग पालकांनी तारीख लिहून द्यायची, असा नियम होता.

मी विचारलं, "कोणती तारीख चालेल?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी कशाला सांगू? तुमची मुलगी. आमच्या वेळी मास्तर एक जून लिहायचे. माझीसुद्धा एक जूनच आहे."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळा जूनमध्ये सुरू होते. पूर्वी ज्या पोराची जन्मतारीख घरात कोणाला सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे मास्तर एक जून लिहून टाकत, म्हणजे वय पहिलीला बरोबर बसे. अजूनही सरकारी कचेऱ्यांमध्ये मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्तीच्या हारांची रांग लागते, कारण अर्धी कचेरी एक जूनला जन्मलेली असते. माझ्या मुलीच्या वेळेपर्यंत ही पद्धत जवळजवळ संपली होती. मी ती पुन्हा चालू केली. पाडव्याऐवजी त्याच सालचा एक जून लिहिला, सही ठोकली आणि मुलगी कागदावर पाच महिन्यांनी मोठी झाली. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना एखादा मोठा सौदा मारल्यासारखा मी चालत होतो.

घरी वाढदिवस पाडव्यालाच होत राहिला. बायको सकाळी मला ओवाळायची आणि मग तिला. शाळेतला वाढदिवस मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत पडायचा. बाकीची मुलं नवा फ्रॉक घालून वर्गात चॉकलेटं वाटायची, हिला तशी पाळी कधी आलीच नाही. दुसरीत असताना तिनं मला विचारलं होतं, "बाबा, माझा शाळेतला वाढदिवस तुम्ही सुट्टीत का ठेवला?" मी हसण्यावारी नेलं, गिऱ्हाइकांना तो किस्साही सांगितला.

शाळा सुटली की ती दुकानात यायची. एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या संघाचा विश्वचषकातला इतिहास मला तोंडपाठ होता, कारण माझा निम्मा माल त्यावर खपायचा. लहान पोराला घेऊन आलेल्या बापापुढे मी एकेक गाव ठेवायचो. कोलंबोला जिंकलो, क्वालालंपूरला जिंकलो, टाउन्सव्हिल, माउंट माँगानुई, अँटिग्वा. ही सगळी अशीच पोरं होती साहेब, अशाच बॅटीनं सुरुवात केलेली. बापाचा हात खिशाकडे जायचा. हरलेल्या अंतिम सामन्यांची गावं मी सांगत नसे. ती मुलगी सांगायची. काउंटरमागच्या स्टुलावर बसून, वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "कोलंबोला आपण हरलोपण आहोत. मीरपूरला हरलो. पॉचेफस्ट्रूमला हरलो." पुढे त्यात बेनोनीची भर पडली. गिऱ्हाईक हसायचं आणि मी डोळे वटारायचो. ती म्हणायची, अर्धंच काय सांगता?

ती लेगस्पिन टाकते. दुकानाच्या बोळात ती चेंडू वळवायची तेव्हा मला वाटायचं की फरशी वाकडी आहे. एका क्रिकेट वर्गाच्या मॅडमनी तिला बघितलं, त्या स्वतः राज्यासाठी खेळलेल्या. त्या मला म्हणाल्या, फरशी सरळ आहे, मुलगी पाठवा. पाठवली. तेराव्या वर्षी संघटनेत नाव नोंदवायची वेळ आली आणि तिथे जन्माचा दाखला लागला, शाळेचा नव्हे, सरकारी.

उशिराची नोंद करायला तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात, प्रतिज्ञापत्र करावं लागतं, पुरावा द्यावा लागतो. तेव्हा बायको म्हणाली, आता तरी खरी तारीख घाला. इथे चूक सुधारता येतेय. मी तिला समजावलं. शाळेत एक जून, आधारवर एक जून. दाखल्यावर पाडवा घातला तर सगळेच कागद बदलावे लागतील, त्यात वर्ष जाईल, आणि निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. माझ्या धंद्यात पावती, चलन आणि माल जुळला की माणूस निर्धास्त असतो. मी कागद कागदाशी जुळवले. शाळेचा दाखला पुरावा म्हणून जोडला आणि मी मारलेल्या थापेवर सरकारी शिक्का बसला.

पण मला धाकधूक होती. दाखला ताजा होता, आणि ताजा दाखला म्हटलं की संघटनेत भुवया उंचावतात. पोरांची वयं दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी कमी करून आणणारे बाप तिथे रोज येतात. म्हणून मी ठरवलं की आपण होऊन सगळं सांगून टाकायचं. वयाचे कागद तपासणारे साहेब तेव्हा नुकतेच त्या खुर्चीवर आले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की मुलगी खरं तर पाडव्याची आहे, शाळेसाठी मी पाच महिने वाढवले, दाखल्यावरही तेच आहे, काय करू?

ते मनापासून हसले. "वय वाढवून आणलेला पहिला बाप बघतोय मी," म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही त्यांनी तो विनोद ऐकवला. तो माणूस आता हयात नाही.

मुलीच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे झाला, हाडांवरून वय काढतात तो. त्यातही ती कागदापेक्षा लहानच निघाली. मी पुन्हा विचारलं, तारीख दुरुस्त करून आणू का? माझी तयारी आहे. ते म्हणाले, "कशाला? वय कमी केलं तर आमचा नियम. वाढवलं तर तुमची हौस. जा, मुलीला खेळवा."

मी कागदावर काही घेतलं नाही. शटरच्या ग्रीसचीसुद्धा पावती मागणारा माणूस मी. त्या दिवशी एका हसण्यावर विश्वास ठेवून जिना उतरलो.

मग एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा पहिला विश्वचषक आला. अंतिम सामना पॉचेफस्ट्रूमला होता, ज्या मैदानावर मुलं हरली होती त्याच मैदानावर. संध्याकाळची वेळ, दुकानात गर्दी. गिऱ्हाइकं सोडून मी टीव्हीसमोर. आपल्या मुलींनी समोरच्यांना शंभरसुद्धा करू दिल्या नाहीत. दुकानात सगळे टाळ्या वाजवत होते. ती मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. पुढचा दोन वर्षांनी, त्याच्या पुढचा आणखी दोन वर्षांनी. म्हणाली, "त्याच्या पुढचा माझा."

दोन वर्षांनी दुसराही आपणच जिंकलो आणि अंतिम सामन्यात पुन्हा समोरच्यांच्या शंभर धावा झाल्या नाहीत. तेव्हा ती राज्याच्या संघात शिरली होती. मुलांच्या संघानं जिंकलेली आणि हरलेली गावं आहेत, मुलींच्या यादीत अजून हरलेलं गाव नाही. तिला वाटायचं, आपण जायचं तर अशाच यादीत जायचं. तिचं वाटणं मला पटायचं. मी ते गिऱ्हाइकांना सांगायचो आणि चार चेंडू जास्त विकायचो, हेही लिहून ठेवतो.

या वर्षी विश्वचषकाच्या राष्ट्रीय शिबिरासाठी नावं गेली. अट होती की जन्म अमुक सालच्या एक सप्टेंबरचा किंवा त्यानंतरचा हवा. आम्ही जेवायला बसलो असताना हिशेब केला. पाडवा नोव्हेंबरात, म्हणजे दोन महिने हातात ठेवून बसतेय. बायकोनं शिरा केला. तिघांपैकी एकाच्याही मनात एक जून आला नाही. आमच्या घरात तो दिवस कधी कोणाचा वाढदिवस नव्हताच. मी स्वतः लिहिलेली, सही केलेली, शिक्का मारून आणलेली तारीख मी साफ विसरलो होतो.

आठवड्यानं सकाळी मॅडमचा फोन आला. मी एका माणसाला बॅट दाखवत होतो. मॅडम म्हणाल्या, तिचं नाव यादीतून काढलंय, वयात बसत नाही. मी म्हटलं, काहीतरी चूक आहे, ती आरामात बसते. त्यांनी विचारलं, "कोणत्या तारखेनं बसते?"

बॅट माझ्या हातात होती. मी ती काउंटरवर ठेवली. गिऱ्हाईक भाव विचारत राहिलं आणि मी मनात जून, जुलै, ऑगस्ट मोजत राहिलो. तीस, एकतीस, एकतीस. ब्याण्णव दिवस.

मी मैदानावर गेलो. ती नेटमध्ये गोलंदाजी करत होती. मला त्या वेळी तिथे बघूनच तिला कळलं असावं. मी जाळीपाशी जाऊन सांगितलं. तिनं हातातला चेंडू एकदा पँटला पुसला आणि षटकाचे उरलेले चेंडू टाकले. मग किट भरली आणि स्कूटरवर मागे बसली. वारज्यापर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदाच चौकात कोणाशी भांडलो नाही.

मॅडमनी नियम समजावून सांगितला. खेळाडूनं दुसरी जन्मतारीख सादर केली की ती फसवणूक धरतात आणि दोन वर्षांची बंदी येते, सगळ्याच क्रिकेटवर, मोठ्या संघांच्याही. पाडव्याचा कागद मी आज नेऊन दिला तर मुलगी विश्वचषकातून जाईलच, शिवाय दोन वर्षं घरी बसेल. सुटका एकच. नाव नोंदवतानाच खरं सांगितलं होतं, असं नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्यानं लिहून दिलं तर ती फसवणूक ठरत नाही, तारीख दुरुस्त होते. म्हणजे साहेबांची एक ओळ. मॅडमनी मला बजावलं, "ओळ मिळेपर्यंत खरी तारीख तोंडातून काढू नका. पाडवा नाही, नोव्हेंबर नाही, किती महिने तेही नाही. तुम्ही बोललात की दुसरी तारीख दिल्याची नोंद होईल."

मी गेलो. साहेबांनी बसा म्हटलं नाही. मी म्हटलं, आपण ओळखलंत ना मला? पाच वर्षांपूर्वी मी आपल्याला सगळं सांगितलं होतं.

"काय सांगितलं होतं?"

"तारखेचं."

"अहो, आमच्याकडे एकच तारीख आहे. आपणच दिलेली. आपल्याच सहीची." त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. "दुसरी काही आहे का? असेल तर द्या. मग पुढचं आम्ही बघतो."

मला ते कशात पाडू बघत होते हे कळलं आणि मी भडकलो. टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला आडवा झाला, रजिस्टर भिजलं. मी तोंडाला येईल ते बोललो. बघून घेईन, असंही म्हणालो. साहेबांनी रुमालानं रजिस्टर टिपलं, कोरडं पान उघडलं आणि शांतपणे लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "पालकांनी धमकी दिली." मी खरं सांगितलं तेव्हा त्यांच्या पेनाचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं.

तो मूर्खपणा माझा. त्याची किंमत मुलीला पडली आणि मी ती कुठे फेडणार?

मग मी पुरावे गोळा करत सुटलो, निदान ओळ मिळालीच तर तिच्या पाठीशी काहीतरी असावं म्हणून. सासुरवाडीला जाऊन सुईणीला भेटलो. म्हातारी आता अंगणात बाजेवर असते, ऐकायला कमी येतं, पण माझ्या मुलीचं नाव काढल्यावर उठून बसली. "पाडव्याची हाय पोर," म्हणाली. "मालकाला ओवाळायचं ताट तसंच ठिवून पळाले व्हते म्या. परत आले तवर निरांजन इझलं व्हतं, अन् मालक पाटावरच बसून ऱ्हायलेला." मी साल विचारलं. ती म्हणाली, सालाचं मला काय ठावं, तुम्ही शिकलेले. अंगठा मात्र लगेच पुढे केला. इतका पक्का साक्षीदार मला कुठल्याही कचेरीत भेटला नाही, आणि त्याचा कचेरीत काही उपयोग नाही.

मुख्याध्यापक आता निवृत्त आहेत. वारज्यातच राहतात. मला बघून त्यांनी चष्मा वर केला. मी काय हवंय ते सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही मुलीला मोठी करायला भांडलात. आता लहान करायला आलात. मधल्या काळात ती कधी आपल्या वयाची होती का हो?"

मला वाटलं, आता दार दाखवतील. त्यांनी कागद मागितला. सुवाच्य अक्षरात लिहिलं की प्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा कोणताही पुरावा पाहिला नाही, तारीख पालकांनी सांगितली ती नोंदवली. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं आणि 'पालकांनी' या शब्दानंतर आपणहून घातलं, 'माझ्या सूचनेवरून'. मी म्हटलं, सर, हे नका लिहू, तुम्हाला त्रास होईल. ते म्हणाले, "खरं तेच लिहितोय. पेन्शन मला एक जूनवर मिळते, ती कोण काढून घेणार?" आणि सही केली.

दुसऱ्यांदा साहेबांकडे जाताना मी ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. बायकोला बरोबर घेतलं, ती माझ्या बाहीला धरून होती. मी हात जोडले. यापूर्वी मी कोणापुढे हात जोडून काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हटलं, साहेब, दोष सगळा माझा लिहा. माझ्यावर खटला भरा, दुकानावर पाटी लावा, मला कुठल्याही मैदानात पाऊल ठेवू देऊ नका. फक्त मी तेव्हा सांगितलं होतं एवढं लिहा.

ते म्हणाले, "इथे घासाघीस चालत नाही."

मुख्याध्यापकांचा कागद मी पुढे केला, त्यांनी तो उघडलाही नाही. बायको पुढे झाली. मुलगी जेवत नाही, म्हणाली, मैदानावर जाते आणि येते, बाकी भिंतीकडे बघत असते. साहेब जरा ओशाळले असावेत. खुर्चीत मागे टेकून ते तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो ताई, मलाही वाईट वाटतंच. पण पाच महिने इकडे किंवा तिकडे, मी काय करणार? नियम तो नियम."

मी पन्नास वर्षांचा आहे. आकडे ऐकून जगलोय. समोरच्याच्या तोंडून निसटलेला आकडा मला झोपेतही ऐकू येतो. फाइलप्रमाणे मुलगी तीन महिन्यांनी बाद होते. पाच महिने कुठल्याही कागदावर नाहीत. सुईणीचा अंगठा माझ्या खिशात होता. मुख्याध्यापकांच्या पत्रात पाडव्याचं नाव नाही, आणि तेही साहेबांनी वाचलं नव्हतं. त्या दोन्ही भेटींत मी आणि बायकोनं तो आकडा उच्चारला नव्हता. तो मी त्यांना एकदाच सांगितला होता, पाच वर्षांपूर्वी, उभ्या उभ्या.

मी विचारलं, "पाच महिने आपल्याला कोणी सांगितलं?"

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. त्यांनी घंटी दाबली, शिपाई आला, भेटीची वेळ संपल्याचं त्यांनी त्याला सांगितलं, आम्हाला नाही. जिन्यात बायको म्हणाली, त्यांना आठवतंय. सगळं आठवतंय.

मला त्यांचं गणित कळतं, मीही दुकानदार आहे. त्यांनी ती ओळ लिहिली तर चुकीचं वय माहीत असून नोंद घेतली, असं होतं. चौकशी लागेल, कदाचित खुर्ची जाईल. समोर एक खुर्ची आणि एक मुलगी, त्यांनी खुर्ची ठेवली. मीही एके काळी एका मुलीच्या तारखेसमोर शाळेचं एक वर्ष ठेवलंच होतं. म्हणून मला त्यांचा जास्त राग येतो, कमी नाही. मी केलं तेव्हा पुढे काय होईल ते मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत आहे.

माझी दुकानातली हालत सांगण्यासारखी नाही. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव मी कबूल करतो. जुनी गिऱ्हाइकं गोंधळून जातात, त्यांना वाटतं मालात खोट आहे. परवा एकानं मुलासाठी बॅट घेताना मला सवयीनं विचारलं, त्या अंडर नाइन्टीनच्या पोरांचं सांगा ना जरा. मला एक गावसुद्धा आठवेना.

मुलीला मी सांगितलं की अर्ज करून टाकू. होऊ दे बंदी, कोर्टात जाऊ, लढू. ती बॅगेतून चेंडू काढून शिवण तपासत होती. म्हणाली, "दोन वर्षं बसले तर मी संपेन बाबा. एकदा तुम्ही ठरवलंत, एकदा त्यांनी ठरवलं. या वेळी मी ठरवते. ओळीशिवाय अर्ज करायचा नाही."

"मग मी पुन्हा जातो त्यांच्याकडे."

"जाऊ नका. तुम्ही बोलायला लागलात की चिडता आणि ते तेवढंच लिहून घेतात. तुम्ही लिहा."

म्हणून लिहिलं, छापण्यासाठी, आणि मॅडमच्या सांगण्यावरून तिचं नाव आणि साल कुठेही घातलं नाही, म्हणजे हा तारखेचा अर्ज धरता येणार नाही. शिबिराची यादी अजून पक्की व्हायची आहे, थोडे दिवस आहेत. मॅडम रोज फोन करून विचारतात, काही आलं का? मी रोज नाही म्हणतो. मुलगी विचारत नाही. ती सकाळी उठते, बूट बांधते, जाते.

साहेब, आपण हे वाचाल. नाही वाचलंत तर आपल्या शेजारचं कोणीतरी वाचून दाखवील, पुण्यात तेवढी माणसं आहेत. आपण तेव्हा मला हसलात त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी टेबलावर मूठ आपटली त्याची माफी मागतो, ती धमकीची नोंद राहू द्या, खरी आहे. माझ्या मुलीनं मात्र आजवर आपल्याला काहीही खोटं सांगितलेलं नाही. खोटं मी लिहिलं. खरं मी सांगितलं. लपवलं आपण. मी माझ्या वाट्याचं इथे सहीनिशी लिहून दिलं आहे. आता आपली पाळी. पाच महिने हा आकडा आपल्याला कोणी आणि कधी सांगितला, याचं उत्तर यादी बंद व्हायच्या आत लेखी द्या. मी तेव्हा सांगितलं होतं हे खरं असेल तर हो लिहा. नाही असेल तर नाही लिहा, त्याखाली आपलं पूर्ण नाव घाला, आणि तो कागद माझ्याकडे पाठवू नका. सकाळी मैदानावर येऊन तिच्या हातात द्या.